सर, तुमची सत्ता गेली तेव्हा

सर, तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले. त्या दिवशी मी स्मशानात आले नाही. हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, हजेरी न घेताच कोण आलं नाही ते ओळखायची तुमची जुनी सवय. बातमी कळली तेव्हा मी क्लासवर होते. मुलांना सुट्टी दिली, खाली पार्किंगमध्ये गेले, गाडीला किल्ली लावली आणि उन्हात तशीच बसून राहिले. मग घरी गेले.

का आले नाही, तेही सांगते. तिथं अर्धी अमरावती तुमचीच असणार होती. तहसीलदार, तलाठी, फौजदार, मुख्याध्यापक, सगळे तुमच्या सतरंजीवरून उठून खुर्चीवर बसलेले. मी आले असते तर त्यांनी मला वाट करून दिली असती. अगदी सभ्यपणे. आणि ती वाट केवढी रुंद असते ते मला सहा वर्षांपासून माहीत आहे. राजापेठेत माझं एक नाव पडलं आहे, गुरूच्या पोटावर पाय देणारी. मी भांडखोर बाई आहे, पण या एका नावाशी मला कधी भांडता आलं नाही. भांडायचं तर तुमची एक गोष्ट चव्हाट्यावर आणावी लागली असती. आणि तुम्ही स्वतः मला तेच नाव देता की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. सहा वर्षं एवढा एकच प्रश्न मी पोटात घेऊन फिरले.

पण आधी भांडणाचं बोलू. आपलं तेच जास्त चाललं.

मी बार्शीटाकळीहून आले तेव्हा वीस वर्षांची होते. बाबा कचेरीत शिपाई, घरात पहिली पदवी माझी, आणि सगळ्या तालुक्यानं सांगितलेलं, साहेब व्हायचं असेल तर राजापेठेत सरांकडे जा. तुमच्या घराचा पुढचा हॉल हाच क्लास. तीन सतरंज्या, एक फळा, हाताची एक खुर्ची. अंगणात साठेक जोडी चपला. सातला तुम्ही आतून कडी लावायचात. उशिरा आलेले अंगणातच उभे राहायचे, दुचाकीच्या सीटवर वही ठेवून खिडकीतून ऐकून लिहायचे. त्यांनाही तुम्ही हाकललं नाही कधी. फक्त आवाज थोडा खाली आणायचात, म्हणजे त्यांना कान लावावा लागेल.

आणि तुमचं ते लिहून देणं! विरामचिन्हांसकट. “सत्तेच्या ऱ्हासाची कारणे, सात मुद्दे, दुहेरी अधोरेखित करा. मुद्दा पहिला, स्वल्पविराम...” लिहून देताना प्रश्न विचारायचा नाही, मान वर करायची नाही, खोकायचं असेल तर पूर्णविरामाला. मला आधी हसू आलं होतं. आठवड्याभरात मीही पूर्णविरामाला खोकायला लागले.

जगातल्या झाडून साऱ्या मोठ्या सत्ता तुम्ही त्या हॉलमध्ये बुडवल्यात. मुघल कोरड्या डोळ्यांनी बुडवलेत. इंग्रजांना तर चवीनं बुडवलंत, चहा पीत. पण मराठी सत्तेची पाळी आली की तुमचा आवाज जड व्हायचा. त्या सकाळी तुम्ही चष्मा काढलात, पुसलात आणि म्हणालात, “आणि अशा रीतीने एक महान सत्ता लयास गेली. पूर्णविराम.”

माझा हात वर गेला. कसा गेला ते मला आजही कळलेलं नाही.

“सर, रडलं कोण?”

“म्हणजे?”

“सत्ता बुडाली तेव्हा. सारेच रडले का?”

साठ पेनं थांबली. तुम्ही चष्मा डोळ्यांवर चढवलात आणि शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणालात, “आपण बाहेर उभ्या राहा.” बाहेर जागा कुठं होती? अंगण उशिरा आलेल्यांनी भरलेलं. मग मी आत गेले, स्वयंपाकघरात. काकू तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

“काय केलं वं?”

“प्रश्न विचारला.”

“मंग बस. मी बी लग्न झाल्यापासून इथंच बसून आहो.” आणि त्यांनी माझ्यापुढे शेंगांचं सूप सरकवलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, कालचा प्रश्न दोन पानांत लिहून आणा. मी चार पानं आणली. आमच्या आजानं सांगितलेलं लिहिलं. त्याच्या आजाच्या घरचे लोक एका सरकारची वेठ करायचे, मग ते सरकार गेलं आणि दुसरं आलं, मग त्याची करायचे. पण जुन्याची माणसं निघून गेली होती आणि नव्याची अजून पोचली नव्हती, असे काही दिवस मधे आले. त्या दिवसांत सकाळी हाक मारायला कोणी आलं नाही. आमचे लोक ऊन वर येईपर्यंत झोपले, उठून नदीवर मासे धरायला गेले. आमच्या घरात त्या सत्तेची तेवढीच आठवण होती, की ती गेली तेव्हा मासे खाल्ले.

तुम्ही लाल शाईनं लिहिलंत, “पुरावा?” आणि दहापैकी सात दिलेत.

त्या तीन मार्कांसाठी मी तुमच्याशी पुढं कितीतरी वर्षं भांडले. तुमचं म्हणणं, एक सत्ता गेली की दुसरी डोक्यावर बसतेच, प्रजेला काय फरक पडतो. माझं म्हणणं, “मधले दोन दिवस तं भेटतात ना, सर.” तुम्ही म्हणायचात, दोन दिवसांसाठी कोणी इतिहास लिहीत नाही. मी म्हणायचे, ज्याले भेटले त्याले इचारा. काकू आतून ओरडायच्या, चहा थंडा होऊन राहिला.

पण पुढच्या वर्षीच्या बॅचला तुम्ही सातऐवजी आठ मुद्दे लिहून दिलेत. आठवा, “सामान्य प्रजेची उदासीनता.” मी खिडकीतून ऐकलं आणि तास सुटताच तणतणत आत आले. “उदासीनता नाई सर. सुटका.” तुम्ही फळा पुसता पुसता म्हणालात, “परीक्षकाले सुटका चालत नाई. उदासीनता चालते.” तुमचा स्वभाव हा असा. हार मान्य करायची, पण ती आपल्या अक्षरात लिहून.

तुमच्याविषयी मनात कडवटपणा ठेवायचा मी प्रयत्न केला आहे, सर. जमलं नाही. तो प्रयत्न दर वेळी माझ्या लग्नापाशी अडतो. तुम्ही एसटीनं बार्शीटाकळीला आलात, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा पहिल्या रांगेत हात जोडून उभे राहिलात. पंगतीत आईचा हात वाढताना कापत होता, आणि तुम्ही दोनदा वरण मागून घेतलंत. निघताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, “पोट्टी भांडखोर हाय तुमची. सांभायजा.” बाबांनी ते वाक्य मरेपर्यंत लोकांना ऐकवलं. पदक मिळाल्यागत.

मी साहेब झाले नाही. दोनदा मुलाखतीपर्यंत जाऊन परत आले, तेव्हा तुम्ही दुपारची बॅच माझ्या हातात दिलीत. सांत्वन वगैरे काही नाही. खडू दिलात आणि म्हणालात, “उद्यापासून दोनले येजो.” नऊ वर्षं मी त्या हॉलमध्ये शिकवलं. सकाळी तुमची सत्ता, दुपारी माझी. माझ्या बॅचमध्ये प्रश्न चालायचे, गोंधळही व्हायचा, आणि तुम्ही आतल्या खोलीत वामकुक्षी घेता घेता त्या गोंधळाला खोकायचात. तो खोकला ऐकला की माझीसुद्धा मुलं गप्प बसायची.

मग दिवस फिरले. मोबाईलवर व्याख्यानं आली. शहराच्या त्या टोकाला काचेची इमारत उभी राहिली, लिफ्टची, थंड हवेची, वर पडदा आणि हातात माईक. अंगणातल्या चपला कमी होत गेल्या. खिडकीशी कोणी उभं राहीनासं झालं, कारण आतच जागा होती. तुम्ही मात्र कडी सातलाच लावायचात. त्या इमारतीतून मला दोनदा बोलावणं आलं होतं. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं आणि तुम्हाला सांगितलंही. तुम्ही म्हणालात, “ठीक.” बस, तेवढंच.

त्यानंतर ती वही आली.

प्रणाली आठवते ना, दर्यापूरकडची, सकाळी तुमच्याकडे आणि दुपारी माझ्याकडे बसायची. एक दिवस माझा तास संपल्यावर मागं थांबली आणि वही उघडून माझ्यासमोर धरली. सोमवारी “सत्तेच्या ऱ्हासाची कारणे”, आठ मुद्दे, दुहेरी अधोरेखित. पान उलटलं. मंगळवारी तेच, आठही मुद्दे, स्वल्पविरामासकट. बुधवारी तेच. अक्षर न अक्षर तेच.

“तीन दिवस हेच सांगितलं?”

“हो मॅडम.”

“अन् तुम्ही तीनदा लिहून घेतलं?”

“हो.”

“कोणीच काही बोललं नाही?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की वेडी मीच. “सरले कोन सांगन, मॅडम?”

आधी वाटलं, तुम्हाला काहीतरी आजार होतो आहे. आणि त्याहून भीती वाटली ती त्या वीस-बावीस मुलांची, जी तीन दिवस खाली मान घालून तेच तेच लिहीत बसली. बुडत्या सत्तांची कारणं लिहून घेत होती ती, आणि समोर काय चाललंय ते एकालाही म्हणता आलं नाही.

मी तशीच तुमच्याकडे आले. तुम्ही हॉलमध्ये एकटेच होतात, ओल्या फडक्यानं फळा पुसत. मी दारात उभी राहिले. वाक्य तयार होतं, सोपं होतं, सर, तुम्ही तीन दिवस तेच सांगितलं. एवढंच. तुम्ही वळून पाहिलंत.

“काय म्हनतं वं?”

“काही नाही, सर.”

तुम्ही थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, “बरं,” आणि परत फळ्याकडे वळलात.

पंधरा दिवसांनी मी त्या काचेच्या इमारतीत रुजू झाले. तिसऱ्यांदा बोलावणं आलं आणि मी हो म्हटलं. मनाशी सांगितलं, मुलांचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून जाते आहे. खरं सांगू? मला तुमच्या समोर उभं राहायचं नव्हतं. तुमचं ते गुपित घेऊन रोज दुपारी त्या हॉलमध्ये शिरणं मला झेपत नव्हतं. मी पळाले. महिनाभरात तुमची मुलं एकेक करून माझ्याकडे यायला लागली, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर तुमच्या दाराची कडी आतून लागली ती लागलीच. लोकांनी दोन अधिक दोन चार केले. मला काय म्हणता येणार होतं? सरांना आठवत नव्हतं म्हणून मी गेले, असं सांगू? तुमचा असा निकाल राजापेठेच्या चहाच्या गाड्यांवर लागू द्यायचा? त्यापेक्षा पोटावर पाय बरा.

मी धरून चालले होते की तुम्ही खचला असाल. मोठी सत्ता गेली की माणूस खिडकीत बसून बाहेर बघत राहतो, असंच आपण शिकवतो. म्हणून तर तीन वर्षं मी तुमच्या गल्लीतून गाडी घातली नाही.

आणि मग तुम्ही मला अकोल्याच्या भाजीबाजारात दिसलात. लेकीकडे आला होतात. काकू पुढे, तुम्ही मागे, हातात दोन पिशव्या, सदऱ्याची वरची गुंडी उघडी. तुमची वरची गुंडी उघडी मी जन्मात पाहिली नव्हती. एक मेथीवाली तुम्हाला ओरडली, “आबा, बाजूले व्हा ना, गिऱ्हाईक दिसू द्या.” साठ पेनं थांबवणारा माणूस. तुम्ही म्हणालात, “हो माय,” आणि बाजूला झालात, आणि हसलात. दात दिसेपर्यंत.

मला पळून जाता आलं नाही, काकूंनी पाहिलं होतं. तुम्ही मला उसाच्या रसाला नेलंत. मी पेला हातात घेऊन तेच वाक्य जुळवत होते, आणि तुम्ही भलतंच बोलत होतात.

“मले आता कोनी भेत नाई वं सुजाता. लय मजा हाय.”

“मजा?”

“तं काय. काल जावयानं मले सांगितलं का बाबा, तुमचं चुकलं. तोंडावर! चाळीस वर्षांत कोनी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, कुठं चुकलं, दाखव. तं खरंच चुकलं होतं.” मग रसाचा घोट घेऊन तुम्ही इंग्लंडवर आलात. “इंग्लंडचं पाय. अर्धी दुनिया त्यायची होती. सारी सांभायता सांभायता जीव गेला असन त्यायचा. आता घरी बसतात, चहा पेतात, पाऊस येईन का नाई म्हून बोलत राहतात. आमी शिकवलं का लयास गेले. सुखी नसतीन कावून?”

“मग हे नोट्समध्ये घाला की, सर. मुद्दा नववा.”

“पुरावा?” असं म्हणून तुम्ही इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला.

मी पेला खाली ठेवला. आत्ता बोल, असं स्वतःला सांगितलं. तुम्हीही माझ्याकडे बघत होतात, काहीतरी ओठांवर आल्यासारखं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, बस लागली असन. तुम्ही पिशव्या उचलल्यात. त्यानंतर मी तुमच्याकडे चारदा आले आणि चारही वेळा हवापाण्याचं बोलून परतले. एकदा तर तुम्ही मला स्वतः केलेली वांग्याची भाजी वाढलीत. त्यात मीठ नव्हतं. तेही मी सांगितलं नाही.

परवा, नवव्या दिवशी, दुपारची वेळ बघून मी बसायला आले. गर्दी नसेल म्हणून. काकू एकट्याच होत्या. हॉलमध्ये फळ्याच्या जागी तुमचा फोटो, सतरंज्या गेलेल्या, त्यांच्या जागी एक दिवाण, टीव्ही, खिडकीत तुळस. मी खाली बसले आणि मला रडू यायला लागलं, तर काकूच माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. उलटंच झालं सगळं.

“रडली मी बी,” काकू म्हणाल्या. “पन खरं सांगू का तुले? थ्या सरासाठी नाई रडली. थो तं साऱ्या गावचा होता. या घरात मी चाळीस वर्षं मागच्या दारानं ये-जा केली, समोर पोट्टे बसले राहत म्हून. पाहुणा आला तं त्याले स्वयंपाकघरात बसवत होती मी. क्लास बंद झाला अन् मले हॉल भेटला, अन् नवरा बी भेटला. दोघं बी एकाच दिवशी. या सहा वर्षांतल्या मानसासाठी रडू आलं मले.”

मग माझ्या तोंडून निघालं ते मीही ठरवलेलं नव्हतं. “काकू, सर माझ्यावर रागावले होते का? मी सोडून गेले म्हणून?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. “तुले सांगितलं नाई त्यायनं?”

“काय?”

“म्हंजे नाईच सांगितलं. मले म्हनत, सांगतो, सांगतो.” त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि मला सांगितलं.

सर, मंगळवारी तुम्ही विसरला होतात. खरंच विसरला होतात. क्लास सुटल्यावर रोजनिशीत “आज काय झालं” ते लिहायला बसलात, तर वरच्याच ओळीत सोमवारचं तेच लिहिलेलं. काकू म्हणाल्या, तुमचा चेहरा पांढरा पडला. दिवसभर जेवला नाहीत. आणि बुधवारी तुम्ही तेच पुन्हा सांगितलंत, मुद्दाम. आठही मुद्दे. कोणी थांबवतं का ते बघायला. “एक तरी म्हनन, सर, हे झालं. असं वाटलं त्यायले,” काकू म्हणाल्या. “कोनी मान वर केली नाई. घरात आले अन् मले म्हने, चाळीस वर्षं शिकवलं मी, अन् काय शिकवलं तं भ्यायले.”

“मग?” मी विचारलं.

“मंग दुपारी तू आली. दारात उभी राहिली. थे मले म्हने, ही सांगन. ही रडलं कोन इचारनारी पोट्टी हाय, ही सांगनच. अन् तू काही नाई म्हनून गेली.” काकूंच्या आवाजात राग नव्हता. “त्या दिवशी ठरवलं त्यायनं. म्हने, इले बी माया भेव वाटते तं आता बंदच केलेलं बरं. पोट्ट्यायले त्यायनंच तुयाकडं धाडलं. एकेकाले बोलावून सांगितलं, तिकडं जा, ती इचारू देते. अन् म्हटलं, मी धाडलं म्हून तिले सांगू नका, ती लाजन. तं एकानं बी सांगितलं नाई तुले?”

एकानंही नाही, काकू. सहा वर्षांत एकानंही नाही. प्रणाली आज तहसीलमध्ये आहे, दर राखीला मला मिठाई आणून देते, आणि तिनंही नाही. सरांनी सांगू नका म्हटलं होतं ना.

मला हसू फुटलं, सर. सुतकाच्या घरात, तुमच्या फोटोसमोर. काकूंनाही फुटलं. आम्ही दोघी तोंडाला पदर लावून किती वेळ हसत होतो, शेजारची बाई डोकावून गेली.

मग मला राग आला, तोही सांगते. तुम्ही रसाच्या गाडीवर तोंड उघडलं असतंत तर माझी तीन वर्षं वाचली असती. लोक मला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक होतं. काकूंनी चारदा सांगितलं, त्या पोरीला सांगून टाका. पण सांगायचं म्हणजे बुधवारची गोष्ट सांगायची, आणि मीसुद्धा तुमच्या परीक्षेत नापास झाले ते सांगायचं. तुम्हाला माझी लाज राखायची होती. मला तुमची राखायची होती. दोघंही एकमेकांच्या अब्रूवर बसून राहिलो आणि मीठ नसलेली भाजी खाल्ली.

राग फार टिकला नाही. हॉलमधून उठले तेव्हा छाती इतकी हलकी होती की मला माझीच शरम वाटली. माणूस गेला आहे आणि मला मोकळं वाटतंय. पण वाटतंय, सर, काय करू. तुम्ही मला त्या नावानं कधी हाक मारली नाही. राजापेठ मारते तर मारो, मी बघून घेईन. आता मला भांडता येईल.

निघताना मी तुमच्या फोटोसमोर उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, “सर, तुम्ही तीन दिवस तेच सांगितलं.” काकू मागून म्हणाल्या, “अन् भाजीत मीठ नसे, थे बी सांग.” तेही सांगितलं.

बाहेर आले तर रस्त्यावर शिकवण्या सुटलेल्या, गाड्यांची ही गर्दी. सुतकाच्या घरून आल्यावर आधी घरी जाऊन अंघोळ करायची असते, हे मला कळतं. पण कोपऱ्यावर गिला वडा गरम निघत होता. मी उभ्या उभ्या दोन प्लेट खाल्ल्या. माफ करा सर, पण किती वर्षांनी मला अशी भूक लागली होती.